भारतीताई आणि रॅमचा वाटा

हे मला आत्ताच सांगायचंय. पायाची वाळू अजून झटकली नाहीये, आई स्वयंपाकघरातून ओरडून गेली की आधी हातपाय धू, तरी मी टाईप करत बसलेय. कारण आज घिवलीला जे बघून आले ते जेवणबिवण झाल्यावर सांगायला बसले तर मी ते शहाण्यासारखं सांगेन, आणि मला ते शहाण्यासारखं सांगायचं नाहीये. टायपिंगच्या चुका असतील, समजून घ्या.

तर भारतीताई.

बोईसरला तारापूरच्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ आहे, तिथे मी काम करते. लग्नपत्रिका, अल्बम, बारशाचे बॅनर, असलं सगळं डिझाईन. पुढे काउंटर, मागे एसीची खोली, खोलीत दोन टेबलं. एकावर मी आणि दुसऱ्यावर, परवापरवापर्यंत, भारतीताई. ती लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करायची. चाळिशीची असेल. घिवलीची, समुद्राकाठच्या मच्छीमारांच्या घरातली. घट्ट अंबाडा, त्यात अबोली पाहिजेच. हेडफोन अंबाड्यावर बसत नाही म्हणून तो तिने मानेखालून उलटा घातलेला. पहिल्या दिवशी मला वाटलं ही डॉक्टरीण आहे आणि कुणालातरी तपासायला आलीय.

एडिटिंग कुठे शिकलीस असं विचारलं की ती दर वेळी वेगळं सांगायची. एकदा म्हणाली मुंबईला कोर्स केला. एकदा म्हणाली चुलतभावाचं बघून बघून. एकदा म्हणाली, "मासली कापता येते ना, मग फिलम काय कापता येत नाय? डोकं काढायचं, शेपूट काढायची, मधला तुकडा गिऱ्हाईकाला." आणि खरंच ती तशीच कापायची. भटजींची डुलकी, मामाचा मोबाईल, सगळं टोपलीत.

मशीनशी बोलायची. मशीन म्हणजे तिचा कॉम्प्युटर. सकाळी आली की त्याच्या डब्यावर हात ठेवून म्हणायची, "उठ गो बाय, लोकांची लग्नं लागायची हायत." तो सुरू होईपर्यंत जेवणाच्या डब्यातून जवळा-भाकरी काढायची. आमचे मालक नरेशभाऊ एसीच्या खोलीत सुकं आणू नका म्हणून रोज सांगायचे आणि रोज एक घास मागायचे. मला ती पूजा कधीच म्हणाली नाही. "सालवडवाली". मी सालवडला राहते, बाबा कंपनीत, आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. तिच्या दृष्टीने मी मासे न ओळखणारी, म्हणजे माझं शिक्षण अर्धवट.

मासे ओळखणं हे तिचं सगळ्यात मोठं शास्त्र होतं. कल्ले उघडून रंग बघायचा, पाठ दाबायची, डोळा बघायचा, आणि शेवटी नाक. "नाक खोटं बोलत नाय." माणसं, कपडे, रिक्षावाले, सगळ्यांना हीच परीक्षा. आणि मग एके दिवशी रॅमला.

झालं असं की आमच्या फोटोग्राफरने नवा कॅमेरा घेतला, व्हिडिओच्या फायली अवाढव्य यायला लागल्या आणि ताईची मशीन धापा टाकायला लागली. एक कट मारला की चहा पिऊन या. नरेशभाऊ शेवटी म्हणाले रॅम वाढवा. मशीन एका वेळी जेवढं काम हातात धरते ते रॅममध्ये धरते, हात लहान पडत होते, एवढंच. मी आणि ताई राजूभाईच्या दुकानात गेलो. राजूभाई युपीचा, बोईसरमध्ये कॉम्प्युटरचं काहीही हवं असलं की तोच.

त्याने काउंटरवर रॅमच्या तीन-चार पट्ट्या मांडल्या. ताईने एक उचलली. डोळ्याजवळ नेऊन सोनेरी दाते बघितले. नखाने कडा दाबली. उलटी केली. आणि, शप्पथ सांगते, नाकाजवळ नेली.

राजूभाई म्हणाला, "दीदी, पापलेट नहीं है."

"मग तू सांग, आजची हाय का कालची."

"सीलबंद है दीदी."

"ते बर्फातलं पण सीलबंदच असतं."

शेवटी तिने जिच्यावर सगळ्यात मोठा आकडा लिहिला होता आणि जिचा पत्रा सगळ्यात चकचकीत होता ती उचलली. मी म्हटलं, ताई, आपल्या मशीनमध्ये आधी आहे ती कुठली, किती स्पीडची, ते बघून तशीच घेऊया का, मी वाचलंय की जोडीची घ्यावी. तर माझ्याकडे असं बघितलं की मी बाजारात टोपली न घेता आलेय.

"वाटा बघितलास कधी?" म्हणाली. वाटा म्हणजे मासळीबाजारात फळीवर छोटे छोटे ढीग लावून ठेवतात ना, एक ढीग एक गिऱ्हाईक, तो. "वाट्यात सगलं एका जातीचं असतं काय? दोन बोंबील, मूठभर मांदेली, वर चार कोलंब्या. कालवन झक्क होतं. ही जुनी, ही नवी, दोघींचा एक वाटा."

राजूभाईने येऊन ती बसवली. वर सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी केलं आणि म्हणाला, "नई वाली के हिसाब से फास्ट कर दिया." म्हणजे नव्या रॅमचा जो वेग, त्यावर दोन्ही पळवल्या. जुनी बिचारी त्या वेगाची नव्हतीच, पण ते आम्हाला तेव्हा कुठे माहीत. मशीन सुसाट सुटली. ताईने राजूभाईला घासभर जवळा दिला. त्याने खाल्ला नाही, पण घेतला.

काही दिवस मजेत गेले. मग निळा पडदा. काम चालू असताना मध्येच सगळं बंद, निळी स्क्रीन, इंग्रजीत दिलगिरी. ताई डबा उघडायची, दोन्ही रॅम उपटायची, पांढऱ्या खोडरबराने दाते घासायची, फुंकर मारायची, परत बसवायची. हे तसं सगळेच करतात, आणि होतं पण चालू. म्हणूनच तर पंचाईत. बंद पडलेली मशीन खोडरबराने चालू झाली की माणसाला वाटतं दुखणं गेलं.

तिचं म्हणणं, सगळा दोष खाऱ्या वाऱ्याचा. तिच्या घिवलीच्या घरातला जुना कॉम्प्युटर खरंच गंजून गेला होता, खिळ्यासकट. बोईसर समुद्रापासून लांब आहे म्हटलं तर म्हणायची, "मी रोज येते ना तिकडून, साडीत घेऊन येते." आणि एक दिवस मी गच्चीवर गेले तर चाळणीत पेपर, पेपरवर दोन रॅम, उन्हात. बाजूला ती स्वतः, कावळे हाकत.

नरेशभाऊ वर आले. बघत राहिले. म्हणाले, "भारती, मीठ लावलंस का?"

"हसा. ओल गेली की बघा कशी पलते ती."

आणि संध्याकाळपर्यंत खरंच मशीन एकदाही बंद पडली नाही.

मग तो हिरवा मामा. मनोरच्या एका पार्टीचं लग्न होतं. सगळा व्हिडिओ तयार, आणि नवरीचा मामा तिला बोहल्यावर आणतो त्या शॉटमध्ये मामाच्या तोंडावर एक हिरवा चौकोन. थोडाच वेळ, पण बरोबर तोंडावर. ताईने परत एक्स्पोर्ट केलं. हिरवा मामा तसाच. पार्टी घ्यायला आली, त्यांनी बघितलं, विचारलं हे काय. ताई क्षणभरही थांबली नाही.

"इफेक्ट हाय. सध्या चालतो."

मामा स्वतः हजर होते. ते म्हणाले, "माझ्यावरच का?"

"मुख्य मानसावरच टाकतात."

मामा खूश. ती लोकं गेल्यावर आम्ही हसून हसून टेबलावर पडलो. पण मी हसता हसता विचार करत होते की एक्स्पोर्ट परत केलं तरी चौकोन तिथेच, म्हणजे तो एडिटिंगमध्ये आलेला नाही, मूळ फाईलमध्येच आहे, कॅमेऱ्याच्या कार्डावरून मशीनवर कॉपी होतानाच आलाय. मी घरी जाऊन मोबाईलवर रात्रभर, नाही, रात्रभर नाही, जेवताना वाचलं सगळं. रॅम खराब किंवा बेजोड असली की मशीन नुसती बंद पडत नाही. कधी कधी ती चालूच राहते आणि तिच्यातून जे जे जातं त्यातलं थोडंथोडं गुपचूप बिघडवते. कॉपी पूर्ण झाली असं दाखवते. फाईलचं नाव तेच, साईज तीच. आत भोकं.

दुसऱ्या दिवशी मी पेनड्राइव्हवर रॅम तपासायची टेस्ट घालून आणली. ताईला म्हटलं एक दिवस मशीन मोकळी दे, ही टेस्ट रॅमचा कोपरा न् कोपरा तपासते, चूक असली तर लाल ओळ येते.

"एक दिवस?" तिने माझ्यासमोर बोटं धरली. "मे महिना हाय. किती लग्नं पडलीत बघ. सीजनमधी होडी कोन वर ओढतो गो?"

हे तिच्या गावचं. होडी पाण्यात असते तोवर तिला हात लावत नाहीत. फटीतून पाणी आलं तर कापूस कोंबतात, डबड्याने पाणी उपसतात, पण धंदा चालू. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि मग तिथे निवांत फळ्या बदलतात, भेगा बुजवतात, रंग देतात. डागडुजीला वर्षातले तेच दिवस. ताईसाठी जगातली सगळी दुरुस्ती तशीच व्हायची. दाढ दुखली तरी होड्या वर आल्यावर. "पावसाला लागू दे, मग हिला पन वर ओढू. तवा घाल तुझी टेस्ट."

पेनड्राइव्ह तिने घेतला आणि पाकिटात अबोलीच्या पुडीशेजारी ठेवला. हरवला नाही, ते सांगते. ती शब्दाची पक्की होती.

त्याच मे महिन्यात तिच्या भाचीचं, प्रणिताचं लग्न झालं. घिवलीला. मी गेले होते. त्या लग्नात ताईची आई गायली.

ही आई म्हणजे धवलारीण. त्यांच्याकडे लग्नाचे विधी चालू असताना एक बाई बसून गाणी म्हणते, कुठल्या विधीला कुठलं गाणं ते तिलाच ठाऊक, त्या बाईला धवलारीण म्हणतात. आसपासच्या गावांत आता अशा फार थोड्या राहिल्यात. आईने मांडवाच्या खांबाला पाठ टेकली, डोळे मिटले, मांडीवर हाताने ठेका धरला आणि सुरू. आवाज जाड, थोडा चिरका, गोड बिलकूल नाही. एक गाणं खूप लांब होतं, त्यात लग्नाला आमंत्रण होतं. आधी देवांना, मग समुद्राला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन, या म्हणून. नावं कुठे थांबतच नव्हती. बुडालेले, तापाने गेलेले, पाळण्यात गेलेली पोरं. ताई माझ्या कानात म्हणाली, "आमाला कोनाला नाय येत हे सगलं. नावं पन नाय, चाल पन नाय. पावसाल्यात शिकनार हाय मी, बसून. आता रेकॉर्ड झालं ना, मग काय."

मोबाईल होते की सगळ्यांकडे. पण मोबाईल हळदीच्या नाचाला निघतात. म्हातारीच्या गाण्याला कुणी हात वर धरून बसत नाही. आमच्या फोटोग्राफरने मात्र पूर्ण घेतलं होतं, ताईने सांगितलं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ताईने कार्ड मशीनला लावलं, कॉपी केलं, ‘पूर्ण’ असं आलं, तिने मशीनवरून ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर पण टाकलं, दोन ठिकाणी असावं म्हणून, आणि कार्ड पुसून फोटोग्राफरला परत दिलं कारण त्याला दुपारी सफाळ्याला दुसरं लग्न होतं. सगळं रीतसर. घरचं काम म्हणून ते एडिटिंगला शेवटी ठेवलं. गिऱ्हाईक आधी.

पाऊस लागला. होड्या वर आल्या. आणि त्याच आठवड्यात ताईच्या आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

ताई बरेच दिवस आली नाही. आली तेव्हा अंबाड्यात अबोली नव्हती. नरेशभाऊ काही विचारायच्या आत म्हणाली, "जिती हाय. समजतं सगलं. तोंडातून नाय येत." मग खुर्चीवर बसली, मशीनवर हात ठेवला, उठ बिठ काही म्हणाली नाही. डॉक्टरने सांगितलं होतं ओळखीचं ऐकवा, ओळखीचं बोला. म्हणून तिला आईचंच गाणं आईला न्यायचं होतं. तिने फाईल उघडली.

मी माझ्या टेबलावरून बघत होते. आई मांडवाच्या खांबाला टेकलेली. देवांची आमंत्रणं नीट झाली. समुद्राचं झालं. मग पहिलं नाव अर्धं आलं आणि किंकाळीसारखा आवाज, ताईने हेडफोन ओढून टेबलावर टाकला तरी मला ऐकू आलं. स्क्रीनवर हिरवे चौकोन, आईचं तोंड नाही, हात नाही, फक्त खांब. मग थोडं गाणं. मग परत चौकोन. नावांचा तो सगळा भाग म्हणजे चाळणी.

तिने हार्ड डिस्क लावली. तिथेही तेच, कारण तिथे मशीनवरूनच गेलं होतं. फोटोग्राफरला फोन केला. त्या कार्डावर तेव्हापासून लग्नांवर लग्नं झाली होती. पालघरला एकजण पुसलेलं परत आणून देतो असं कळलं म्हणून आम्ही कार्ड घेऊन गेलो, तो म्हणाला वरून दुसरं लिहिलं गेलंय, आता खाली काही नाही. प्रणिताच्या दिराकडे मोबाईलवर एक तुकडा मिळाला, त्यात आई दिसते आणि आवाज शेजारच्या जनरेटरचा.

परत येताना शेअर रिक्षात ताईने पाकीट उघडलं, पेनड्राइव्ह काढला, माझ्या हातात ठेवला. "ओढ आता वर."

टेस्ट लावली. थोड्याच वेळात लाल ओळ आली. मग दुसरी. मग स्क्रीन लाल ओळींनी भरत गेली. मी एक रॅम काढून दुसरी एकटी, तिच्या स्वतःच्या वेगावर ठेवून टेस्ट केली, एकही चूक नाही. ती काढून पहिली तशीच एकटी लावली, तिलाही चूक नाही. दोघी एकत्र, तो वेग, की परत लाल.

ताई बघत होती. म्हणाली, "एकेकटी दोघी चांगल्या घरच्या. एका चुलीवर नाय पटलं." आणि मग, "सडलेल्या म्हावऱ्याला वास तरी येतो गो. ह्याला वासच नाय."

मी टेबलाची कड खरवडत बसले.

आणि मग तिने जे केलं ते मला सगळ्यात जास्त लागलंय. तिने रॅम घ्यायची ठरवली, आणि या वेळी जशी घ्यायला हवी तशी. ज्यात रॅम बसते त्या मदरबोर्डचं नाव मला वाचून काढायला लावलं. त्या बोर्डाच्या कंपनीने कुठल्या रॅम तपासून चालतात म्हणून लिहिल्यात ती यादी मोबाईलवर बघितली. एकाच पाकिटात दोन जुळ्या येतात तसली जोडी मागवायला लावली. राजूभाईने एक जवळपास तशीच दाखवली, "दीदी, सेम टू सेम है."

"सेम नको. तीच पायजे."

राजूभाईने तीच मागवली. जोडी आली तेव्हा तिने ती नाकाजवळ नेली नाही. आकडे वाचले, दोन्हींवरचे, अक्षर न् अक्षर जुळतंय का बघितलं. कुठल्या खाचेत बसवायची ते बोर्डाच्या पुस्तिकेत बघितलं, एक सोडून एक. आणि राजूभाई सेटिंगकडे हात नेतोय म्हटल्यावर त्याचा हात धरला. "फास्ट नको. सरल चालू दे. मला पलायचं नाय आता कुठं."

कारण तिला वाटत होतं की रॅम चांगली झाली की फाईल चांगली दिसेल.

मी सांगितलं होतं तिला. दोनदा. म्हटलं ताई, मशीन बरी होईल, पण तेव्हा जे बिघडून लिहिलं गेलं ते तसंच लिहिलेलं राहणार. ती म्हणाली, "बघू." मी नरेशभाऊंना म्हटलं तुम्ही सांगा. नरेशभाऊ कॅल्क्युलेटरवर उगाच काहीतरी दाबत राहिले आणि म्हणाले, "बघू दे ना तिला."

टेस्ट लावली. सकाळपासून दुपारपर्यंत. शुक्रवार होता, एमआयडीसीला सुट्टी, पासपोर्ट फोटोला कामगारांची ही रांग, आणि आत ताई स्क्रीनसमोर मांडीवर हात ठेवून बसलेली. एकही लाल ओळ नाही. फेरीमागून फेरी, सगळं साफ. मी आयुष्यात इतकी निरोगी मशीन बघितली नाही. तिने ती बंद करून चालू केली, एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, कुठे अडकलं नाही. केसात हात फिरवला. फाईल उघडली.

देव. समुद्र. अर्धं नाव. हिरवे चौकोन.

त्याच जागी. तेवढेच. मशीनने या वेळी ते अगदी नीट, न अडखळता दाखवले.

तिने परत मागे नेऊन लावलं. परत. मग हेडफोन काढून गुंडाळला, वायरीला गाठ मारली नाही, नेहमी मारते. मला म्हणाली, "मशीन झकास झाली सालवडवाली. तू घे ही आता." आणि महिन्याचं काम संपवून नोकरी सोडून गेली. आईला घरी दुसरं कुणी नव्हतं बघायला. ती मशीन आता माझ्याकडे आहे. कधीच बंद पडत नाही. मला कधी कधी तिचा राग येतो, म्हणजे मशीनचा.

आता आजचं.

मी गेले बरेच दिवस त्या फाईलवर बसत होते. नावं परत आणता येत नाहीत, पण ती किंकाळी तरी काढता येते. सगळ्या फाटलेल्या जागी मी आवाज शून्य केला. म्हणजे गाणं, मग शांतता, मग गाणं. तेवढंच मोबाईलवर घेऊन आज घिवलीला गेले. सुट्टी होती, ऊन छान होतं. होड्या पाण्यात गेल्यात, सीजन सुरू झालाय, बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळतायत. ताई ओटीवर होती. अंबाड्यात अबोली होती, ते बघून मला इतकं बरं वाटलं. म्हणाली, "आली बघ कोल्हापूरची मासेवाली." चहा दिला. आई तिथेच खाटेवर, भिंतीला टेकून बसवलेली. माझ्याकडे बघितलं, ओळखलं असं वाटलं.

मी मोबाईल खाटेच्या कडेवर ठेवला आणि लावला.

आईने स्वतःचा आवाज ऐकला आणि डोळे मिटले. डावा हात हलायला लागला. खाटेच्या लाकडावर ठेका, एक बोट, अगदी बरोबर. देव झाले. समुद्र झाला. पहिलं नाव अर्धं आलं आणि गाणं थांबलं, मी जिथे शून्य केलं होतं तिथे.

हात थांबला नाही.

मोबाईल गप्प आणि आईचं बोट चालू. टक, टक, मग एक लांब थांबा, मग टक टक. ओठ पण हलत होते. ती नावं घेत होती. एकेक, सगळी, क्रमाने. आवाज नव्हता. ताई चहाचा कप तसाच खाली ठेवून खाटेशी गेली, आईच्या तोंडाला कान लावला. मग कान काढून ओठांकडे बघायला लागली, इतक्या जवळून की तिचं नाक आईच्या गालाला लागत होतं. मग मोबाईलमधून गाणं परत सुरू झालं, आणि आईचं बोट त्या ठेक्यावर अचूक उतरलं. जराही मागेपुढे नाही. मधली सगळी नावं तिची पूर्ण म्हणून झाली होती.

गाणं संपलं. आईने डोळे उघडले.

ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत लाव."

मी लावलं. परत टक टक, परत ओठ, परत ताईचा कान. "परत." मग फाईल तिच्या फोनवर पाठवली, उशीर झाला म्हणून निघाले. वळणावर मागे बघितलं तर ती खाटेवर आईच्या समोर बसली होती, तोंड आईच्या तोंडासमोर, आणि आई जसे ओठ हलवेल तसे हलवून बघत होती. काही येत होतं की नाही मला दिसलं नाही. लांबून दोघी सारख्याच दिसत होत्या.

माझी आई परत ओरडतेय, मी उठते. पण तुम्ही सांगा, असं झालंय का कधी तुमच्यासमोर? म्हणजे सगळं दुरुस्त झालंय, कुठेच लाल ओळ नाही, आणि जे हवं होतं ते समोर बसलेल्या माणसाच्या आत पूर्ण शाबूत आहे, आणि तुम्ही नुसते त्याच्या ओठांकडे बघताय? झालं असेल तर लिहा. मग तुम्ही काय केलंत, तेही लिहा. मला ताईला काहीतरी सांगायला हवंय.